सिलिकॉनची तगाई

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भंडारा रोड स्थानकात उतरणाऱ्यास प्रथम भेटते ती वरठी, आणि वरठीत नजरेत भरतो तो सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. याच टापूतील लहानसहान कारखानदारांची अनुदानाची प्रकरणे तयार करून ती जिल्हा उद्योग केंद्रात रुजू करणे हा माझा, एका सनदी लेखापालाचा, व्यवसाय असल्यामुळे, अर्धसंवाहकांच्या उद्योगासाठी सरकारने जी तिजोरी खुली केली आहे तिच्याकडे देशाभिमानाने पाहण्यापूर्वी मी जमाखर्चाच्या नजरेने पाहतो.

महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासूनची, आणि स्वभावाने सावध. कारखानदाराने आधी स्वतःच्या हिमतीवर यंत्रे बसवावीत, माल विकावा, कर भरावा, आणि मगच त्या कराचा काही अंश परत मागावा. यंत्रांची बिले, ती फेडल्याचा पुरावा, पहिल्या विक्रीचे बीजक आणि वीजजोडणीचा कागद फायलीस जोडल्यावाचून पात्रता प्रमाणपत्राची गोष्टच निघत नाही. एखाद्या बिलावरील तारखेत खाडाखोड दिसली, तर भातगिरणीच्या मालकाला मीच दारातून माघारी धाडतो.

अर्धसंवाहकांचा, म्हणजे चिपांचा, मामला याच्या नेमका उलट आहे. डिसेंबर 2021 मध्ये केंद्राने 76,000 कोटींची योजना मंजूर केली, आणि सप्टेंबर 2022 मध्ये असे ठरविले की प्रकल्पाचा निम्मा खर्च, तो होत जाईल तसतसा, कंपनीच्या बरोबरीने सरकारने उचलावा. पीक हाती आल्यावर द्यावयाचे हे बक्षीस नव्हे. ही पेरणीआधीची तगाई आहे, फरक इतकाच की तगाई सव्याज फेडावी लागे, आणि येथे कारखाना भरभराटीस आला तरी मुद्दल तिजोरीत परतत नाही. साणंद येथील मायक्रॉनचा 22,516 कोटींचा प्रकल्प, जो चिपा घडविण्याचा नसून घडलेल्या चिपांच्या जुळणीचा व चाचणीचा आहे, त्यात केंद्राचे 50 टक्के आणि गुजरातचे 20 टक्के गेल्यावर कंपनीच्या अंगावर उरतात ते 30.

वेदान्त-फॉक्सकॉनचा नियोजित चिप-प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातेत गेला तेव्हा आपल्याकडे केवढा कल्लोळ उठला! जुलै 2023 मध्ये फॉक्सकॉनने अंग काढून घेतले, आणि ज्याच्यासाठी भांडलो तो कारखाना कोठेच उभा राहिला नाही. भंडारा जिल्ह्याला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. साकोली तालुक्यातील मुंडीपारला भेलच्या प्रकल्पाची कोनशिला 2013 साली बसली, शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या, कारखाना मात्र आला नाही.

तथापि आगाऊ पैसा देऊच नये, असे माझे मत नाही. इतका अवाढव्य आणि पुढेही तोट्याचे भय असलेला खर्च केवळ खासगी भांडवलावर सहसा होत नाही, हे तैवानने ओळखले होते. पण 1987 मध्ये टीएसएमसी ही चिपा घडविणारी कंपनी स्थापन होताना तेथील सरकारने पैसा दिला तो सुमारे 48 टक्के भाग आपल्या नावे करून. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनेही अनुदानाच्या बदल्यात इंटेलचे सुमारे 10 टक्के भाग घेतले. सत्तर टक्के भांडवल घालणाऱ्याला मालकीचा एक अंशही नसावा, हा जमाखर्च माझ्या दफ्तरात आला असता, तर मी त्यावर सही केली नसती.