किती घोडे लागतात?

आपल्याकडे दारात नवी मोटारसायकल उभी राहिली की शेजारी पहिला प्रश्न विचारतो तो ॲव्हरेजचा. अमिरातीत मात्र मराठी मंडळी जमली की प्रश्न असतो, "किती सीसी?" पगार दिरहॅममध्ये, रस्ते लोण्यासारखे, त्यामुळे पुण्यात फक्त पोस्टरवर पाहिलेली हजार सीसीची गाडी इथे खरोखर आवाक्यात येते. मी अबुधाबीत पोस्टडॉक करतो. सध्या मोटारसायकल घ्यायच्या विचारात आहे. ज्याला सांगावं तो प्रेमाने बजावतो, "सहाशेच्या खाली घेऊ नकोस रे, इथल्या हायवेवर मागच्यामागे उडवतील."

सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण किती ताकद पुरेशी, हे कुणीच सांगत नाही. म्हणून एका शुक्रवारी संध्याकाळी कागद घेऊन बसलो. तुम्ही न्यू जर्सीत असा किंवा म्युनिकमध्ये, गणित तेच राहणार आहे.

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना इंजिनाला दोनच कामं असतात: टायर फिरवत ठेवणं आणि समोरचा वारा ढकलणं. टायरचं काम किरकोळ. खरी मजुरी वाऱ्याची, आणि ती वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट केला की वाऱ्यासाठी आठपट ताकद लागते. गाडी आणि माणूस मिळून 220 किलो, ताठ बसलेला स्वार, असं धरून माझा अंदाज असा निघाला: ताशी 60 किलोमीटरला 3 अश्वशक्ती, 80 ला 6, 100 ला 11, 120 ला 18, 140 ला 28 आणि 160 ला 42. ही मागच्या चाकाशी लागणारी ताकद. गिअर आणि चेन आपला वाटा घेतात, म्हणून इंजिन त्याहून थोडं मोठं हवं. तुमचं पोट, जॅकेट आणि गाडीची काच यांनी आकडे थोडे इकडेतिकडे होतील, एवढंच.

पडताळा घ्यायला बाबांची हिरो होंडा सीडी 100 होतीच. इंजिन 97 सीसीचं, ताकद साधारण सात अश्वशक्ती. ती ऐंशीच्या आसपास दमायची, म्हणजे हिशेब जुळला. त्याच गाडीवर मी टाकीवर, आई मागे, अशी आमची वरात खंबाटकीचा घाट चढून साताऱ्याला जायची. सावकाश, खालच्या गिअरमध्ये, पण जायची. अल ऐनच्या जबल हफीतचा रस्ता पाहिला की मला तो घाट आठवतो. तिथल्या आठ टक्क्यांच्या चढावर साठच्या वेगाने जायला माझ्या गणिताप्रमाणे सात अश्वशक्तीच लागतात. आणि यूएई टूरचे सायकलपटू तोच डोंगर जेमतेम अर्ध्या अश्वशक्तीच्या पायांनी चढतात.

मग दोनशे अश्वशक्तीचं करायचं काय? अबुधाबीने ऑगस्ट 2018 मध्ये वेगमर्यादेवरची ताशी 20 किलोमीटरची सूट काढून टाकली, तेव्हा काही हायवेंवर मर्यादा 160 केली. कायद्यात राहून याहून वेगाने जाता येत नाही, आणि त्यालाही 42 लागतात. युरोपातल्या वाचकांना ए-टू परवाना माहीत असेल. त्यावर 35 किलोवॅटपर्यंतची, म्हणजे सुमारे 47 अश्वशक्तीची गाडी चालवता येते. फ्रान्समध्ये तर 2016 पर्यंत शंभर अश्वशक्तीच्या वरची मोटारसायकल रस्त्यावर चालतच नव्हती. त्यामुळे तिथे कुणी घरी पोहोचायचं राहिलं नाही.

हे सगळं मी आमच्या इमारतीत जेवण घेऊन येणाऱ्या मराठवाड्यातल्या एका मुलाला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "दादा, तुमचं गणित बरोबर असेल. पण शंभरला माझी मूठ पूर्ण पिळलेली असते. मागून लँड क्रूझरवाला डिपर मारतो, तेव्हा पिळायला काही उरलेलंच नसतं."

त्याचं म्हणणं माझ्याच आकड्यांत होतं, मीच नीट वाचलं नव्हतं. इथल्या डिलिव्हरीच्या गाड्या बहुतेक दीडशे-एकशेसाठ सीसीच्या: आपल्या बजाजची पल्सर, होंडाची युनिकॉर्न. ताकद 13-14 अश्वशक्ती, त्यातली चाकाशी पोहोचते बारा. शंभरला लागतात अकरा, आणि मागे वारा अडवणारी भलीमोठी पेटी. शिल्लक शून्य. (उन्हाळ्यात 45 अंशांत हवा विरळ होऊन इंजिन मंदावतं, पण समोरचा वाराही तेवढाच विरळ होतो. तो हिशेब फिटतो.) म्हणजे लागणारी ताकद स्वार एकटा ठरवत नाही, त्याच्या मागून येणारा ठरवतो. दुबईने 1 नोव्हेंबर 2025 पासून पाच किंवा जास्त लेनच्या रस्त्यांवर डावीकडच्या दोन वेगवान लेन डिलिव्हरीच्या गाड्यांना बंद केल्या, त्यामागेही मला हेच गणित दिसतं. मोठं इंजिन देण्यापेक्षा वेगातली तफावत कमी करणं शहाणपणाचं.

कारण ताकदीने एकच बाजू वाढते. टायर रस्त्याला टेकतो तो तळहाताएवढाच, इंजिन चौदाचं असो की दोनशेचं. चांगला ब्रेक मारला तरी शंभरवरून थांबायला सुमारे 55 मीटर लागतात, 140 वरून जवळपास दुप्पट. तेही ब्रेक दाबल्यानंतर. दचकण्यात गेलेला सेकंद वेगळा.

तर माझं उत्तर असं. शहरात पंधरा अश्वशक्ती भरपूर. हायवेवर रोज जायचं तर चाळीस: 120 ला अठरा खर्च होऊन ओव्हरटेकला, चढाला, मागच्या डिपरला हाताशी काही राहतात. मी बजाजच्या चाकणच्या कारखान्यात बनणारी ट्रायम्फ स्पीड 400 बघून ठेवली आहे. तिची ताकद साधारण तेवढीच. त्यावरचे घोडे हौसेचे. हौसेला मोल नाही, जरूर घ्या, फक्त घरी सांगताना तिला सुरक्षितता म्हणू नका.

आणि तुम्ही मोटारसायकलवाले नसाल, चारचाकीवाले असाल, तर एकच विनंती. समोर पेटी बांधलेली गाडी शंभरने चालली असेल आणि तुमचा हात डिपरकडे गेला, तर एवढं लक्षात असू द्या, की त्याची मूठ आधीच पूर्ण पिळलेली आहे.