अठरा पूर्ण झाल्यावर

सांगलीच्या हळदपेठेतील एका जुन्या अडत पेढीवर दरवर्षी पौष महिन्यात एक नेम पाळला जातो. पेढीच्या संस्थापकांच्या पुण्यतिथीस जवळच्या मुलांच्या बालगृहात भोजन दिले जाते. जिलेबी, मसालेभात, मटारची उसळ, मठ्ठा. संस्थापकांचे चिरंजीव, ज्यांना सारी पेठ अण्णा म्हणून ओळखते, त्या दिवशी दुकान मुनीमजींवर सोपवून स्वतः पंगतीत वाढायला उभे राहतात. अशी भोजने आपल्या अनेक घराण्यांकडून दिली जातात. बालगृहाच्या कार्यालयातील फळ्यावर दात्यांच्या तारखा आगाऊ लिहिलेल्या असतात आणि वाढदिवस, विवाहदिन, पुण्यतिथी धरून कित्येक महिने रिकामी तारीख सापडत नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या पंगतीनंतर बालगृहाचे अधीक्षक अण्णांना फाटकापर्यंत सोडायला आले. पाणी वाढणाऱ्या एका उंचेल्या मुलाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "अण्णा, जिलेबी वाढणारे पुष्कळ येतात, आपणही येत राहा. पण ह्या मुलाला एक जूनला अठरा पूर्ण होतात. दोन जूनला तो कुठे जाईल, हे विचारणारे अजून कुणी आले नाही."

एक जून ही त्याची खरी जन्मतारीख नव्हे. ज्याच्या जन्माची नोंद कुठेच नाही, त्याच्या नावापुढे शाळेच्या दप्तरात बहुधा हीच तारीख लिहिली जात आली आहे. हा मुलगा पाच-सहा वर्षांचा असताना मिरज स्थानकावर एकटा सापडला. डॉक्टरांनी वयाचा अंदाज दिला, तारीख दप्तराने दिली आणि त्या अंदाजी तारखेला त्याचे बालपण कायद्याने संपणार होते.

कायद्याने हा विषय अगदीच सोडून दिला आहे असे मात्र नाही. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या 46 व्या कलमात, अठरा पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलाला समाजात स्थिरावण्यासाठी आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद आहे. याला अनुरक्षण म्हणतात. ते वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत आणि 2016 च्या आदर्श नियमांनुसार अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत देता येते. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी दरमहा 4000 रुपये धरले आहेत. महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये अनाथांसाठी शिक्षणात व शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण ठेवले. नातेवाईकांकडे वा पालक कुटुंबात वाढणाऱ्या मुलांना राज्याच्या बालसंगोपन योजनेतून दरमहा 2250 रुपये मिळतात. तेही अठराव्या वर्षी थांबतात. हिशेब तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची नजर मात्र 46 व्या कलमातील एका क्रियापदावर अडखळते. साहाय्य 'दिले जाईल' असे तिथे लिहिलेले नाही, 'देता येईल' असे लिहिले आहे. कर्जरोख्यात या दोन शब्दांमधील अंतर किती असते, हे व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

शिवाय हे सारे लाभ कागदांवर उभे असतात. आरक्षणासाठी अनाथ प्रमाणपत्र लागते. त्यासाठी बालगृहाची नोंद, बालकल्याण समितीचा आदेश, शाळेचा दाखला आणि आधार यांत नाव एकसारखे लागते. या मुलाचे नाव सापडला त्या दिवशी त्याने बोबड्या उच्चारात सांगितले तसे बालगृहाच्या नोंदीत चढले, शाळेत कुणा शिक्षकाने ते आपल्या समजुतीने सुधारले व एक आडनावही जोडले आणि आधारवर पुन्हा तिसरेच झाले. मुलगा बारावी विज्ञानाला होता, गणितात चांगला होता. त्याला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा होता आणि अनाथांसाठीची जागा मिळाल्यास शुल्काचा व वसतिगृहाचा प्रश्न बराचसा सुटणार होता.

म्हणून अधीक्षकांनी फाटकाशी दोन गोष्टी मागितल्या. जून महिन्यापासून पेढीवर काही काम, आणि शाळेच्या दप्तरातील नावाची दुरुस्ती. ज्या शाळेत तो शिकत होता तिचे अण्णा विश्वस्त होते. मुख्याध्यापकांचा प्रस्ताव आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता, एवढेच काम होते.

पहिली मागणी ऐकताच अण्णांच्या तोंडून पेढीचा जुना प्रश्न निघाला, "याचा जामीन कोण?" तो दुष्टपणाने विचारलेला नव्हता. पेठेत लाखोंचा सौदा नुसत्या शब्दावर होतो तो याच प्रश्नाच्या बळावर. नवा दिवाणजी असो की हमाल, तो कुणाचा कोण हे कळल्याखेरीज त्याला गल्ल्याजवळ कुणी बसवीत नाही. अधीक्षक क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "शासन." दोघेही हसले, पण प्रश्न तिथेच राहिला. अखेर अण्णांनी दोन्ही गोष्टींना होकार दिला.

त्यानंतर हंगाम सुरू झाला. फेब्रुवारीपासून नवी हळद येऊ लागली की पेठेत माणसाला जेवायला सवड नसते. हरिपूरची पेवे भरली जात असत त्या काळापासूनची ही धांदल आहे; आता पेवांची जागा शीतगृहांनी घेतली, धांदल तेवढीच राहिली. शाळेत जायचे अण्णांच्या दोनदा मनात आले. दोनदा त्यांनी मुनीमजींना म्हटले, "हंगाम संपू दे."

दोन जूनला सकाळी नऊ वाजता मुलगा पेढीवर हजर झाला. हातात एक पिशवी, तीत दोन जोड कपडे, पांघरूण आणि प्लास्टिकच्या पाकिटात घातलेले कागद. अनुरक्षणगृहात जागा होती, पण ती दुसऱ्या जिल्ह्यात. प्रवेशाची कागदपत्रे सांगलीत अडकलेली असताना तिकडे जाणे त्याला परवडणारे नव्हते. वखारीवरील खोलीत त्याची सोय झाली. पगार नऊ हजार ठरला. दुसऱ्या आठवड्यात त्याने आपला जमाखर्च एका वहीत मांडला तो मुनीमजींनी अण्णांना दाखवला: खाणावळ 3200, मोबाइल 239, साबण-तेल 150, चपला 350, शिल्लक अमुक. 'घरी पाठवले' हा कॉलम तेवढा नव्हता, जो पेढीवरील प्रत्येक दुसऱ्या मुलाच्या हिशेबात असतो.

पगार खात्यात जमा करायची वेळ आली तेव्हा कळले की खाते चालत नाही. बालगृहात असताना काढलेले खाते अज्ञानाचे होते, पालक म्हणून अधीक्षकांची सही होती. खातेदार सज्ञान झाला की त्याची नवी सही व नव्याने ओळखीची कागदपत्रे घ्यावी लागतात. नियम योग्यच आहे, खातेदाराच्या हितासाठीच आहे. पण आधारला जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक तीन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या आधीच्या अधीक्षकांचा होता, पत्ता बालगृहाचा होता आणि अर्जातील पित्याच्या नावाचा रकाना रिकामा होता. खिडकीवरील कर्मचाऱ्याने मान वर न करता सांगितले, "वडिलांना घेऊन ये." मुलगा परत आला. पुढल्या खेपेस दुसरा कर्मचारी होता, तोही तेच म्हणाला. त्या खात्यात बक्षिसांचे आणि एका दात्याने ठेवलेले मिळून 26 हजार रुपये होते. मुलगा तिसऱ्यांदा गेलाच नाही, आणि का गेला नाही हे त्याने कुणाला सांगितलेही नाही. पेढीवरून त्याला रोख पगार मिळत राहिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण ती अण्णांनी स्वतःच पुढे अनेकांना सांगितली आहे. मुलगा पेढीला आवडू लागला होता. हंगामानंतर शेतकरी, खरेदीदार, हमाली, तोलाई, बाजार समितीचा सेस असे सर्व हिशेब जुळवायचे असतात. जे काम दरवर्षी गणपतीपर्यंत रेंगाळे ते या मुलाने संगणकावर पाच आठवड्यांत आणले. पट्टीतील नऊ रुपयांची चूक त्याने शोधून काढली. मुनीमजींचे वय झालेले, अण्णांचा स्वतःचा मुलगा पुण्यात अभियांत्रिकीला. असा विश्वासू मुलगा पेढीला हवा होता. शाळेच्या दप्तरातील नावाचे काम अण्णा विसरले होते हे खरे; पण ते विसरणे पेढीच्या सोयीचे होते, हेही तितकेच खरे.

जुलैमध्ये प्रवेशाची मुदत संपली. अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज नावाच्या तफावतीमुळे परत आला होता. मुलाने ते सांगितले तेही संध्याकाळी गल्ला मोजून झाल्यावर, सौद्याचा भाव सांगावा तशा आवाजात. "पुढच्या वर्षी बघू," अण्णा म्हणाले. मुलाने मान हलवली आणि वखारीचे कुलूप घ्यायला निघून गेला.

रात्री जेवताना अण्णांनी ही हकीकत घरी सांगितली. वहिनींनी पोळी वाढता वाढता विचारले, "आपल्या मुलाच्या प्रवेशाचे कागद तुम्ही कधी जमवले होते?" अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी ते मार्चमध्ये जमवले होते, ऐन हंगामात, दोन दिवस दुकान मुनीमजींवर टाकून.

घरातील मुलाला अठरा पूर्ण होतात तेव्हा घरात काहीच बदलत नाही. त्याचे खाते बंद पडले तर वडील बँकेत जातात, नाव चुकले तर काका कुणाला तरी फोन करतात, खोली भाड्याने हवी असेल तर मामा घरमालकाशी बोलतात. या सगळ्याची नोंद कुठल्याही वहीत होत नाही, व्याज लागत नाही, मुद्दल कुणी परत मागत नाही. व्यापारात याला पत म्हणतात. अठरा वर्षांच्या मुलाजवळ स्वतःची पत नसतेच. तो घराच्या पतीवर चालतो. बालगृहातून आलेल्या मुलाला त्याच वयात, त्याच दिवशी, स्वतःच्या नावावर उभे राहायला सांगितले जाते, आणि त्याचे नावही तीन कागदांवर तीन प्रकारचे असते. दरमहा 4000 रुपये वेळेवर मिळाले तरी ते या ठिकाणी पुरे पडत नाहीत.

दुसऱ्या दिवशी अण्णा शाळेत गेले. प्रस्ताव एका बैठकीत तयार झाला. शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता यायला काही आठवडे लागले. बँकेतही ते मुलाबरोबर गेले. तिथे त्यांनी फक्त खुर्चीत बसून राहायचे काम केले, बोलला मुलगाच. पण शाखाधिकारी बाहेर आले, बालगृहाचे पत्र व समितीचा आदेश पाहिला, आधारकेंद्रातून भ्रमणध्वनी क्रमांक बदलून आणायला सांगितले आणि आठवड्यात खाते सुरू झाले. तेच कागद मुलाने एकट्यानेही दाखवले होते.

अनाथ प्रमाणपत्र पुढील फेब्रुवारीत हाती आले, पुन्हा ऐन हंगामात. या वेळी प्रवेश मिळाला, तोही अनाथांसाठीच्या जागेवर, पण परजिल्ह्यातील तंत्रनिकेतनात. पेढीवरून तो ऑगस्टमध्ये गेला. मुनीमजींना त्या वर्षी हिशेब जुळवायला दिवाळी उजाडली.

त्या दिवाळीच्या आठ दिवस आधी अण्णांना त्याचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, "अण्णा, सुट्टीत वसतिगृह बंद ठेवतात." एवढेच. मागणी नव्हती, प्रश्नही नव्हता. वसतिगृहे सुट्टीत बंद होतात हे सर्वांना ठाऊक असते. सुट्टीत घर नसलेले विद्यार्थीही तिथे राहतात, हे कुणाच्या ध्यानी येत नाही. वखारीवरील खोलीत तोपर्यंत हळदीची रिकामी पोती रचली होती. वहिनींनी ती हलवायला लावली आणि खोलीची किल्ली त्याच्याजवळच राहू द्या असे मुनीमजींना सांगितले. वहीपूजनाच्या संध्याकाळी तो दुकानातल्या मंडळींत बसला होता.

यंदाच्या पुण्यतिथीला भोजन झालेच. पंगत उठल्यावर अण्णा कार्यालयात गेले आणि अधीक्षकांजवळ, येत्या वर्षभरात अठरा पूर्ण होणाऱ्या मुलांची यादी मागितली. चार नावे होती. तिघांची तारीख एक जून. कुणाचे कोणते कागद अपुरे आहेत ते त्यांनी डायरीत लिहून घेतले. एकाला वीजकाम येत होते, दुसरा वाहन चालवायला शिकला होता, तिसऱ्याला पुढे शिकायचे होते, चौथ्याला काहीच ठरवता येत नव्हते.

संध्याकाळी त्यांनी पेठेतील एका परिचित व्यापाऱ्याला फोन लावला. त्याला शीतगृहावर वीजकाम जाणणारा मुलगा हवा होता. सारे ऐकून घेतल्यावर पलीकडून अपेक्षित प्रश्न आला, "ते सगळं ठीक आहे अण्णा, पण जामीन कोण?"

"माझं नाव लिही," अण्णा म्हणाले, आणि डायरीचे पान उलटून दुसरा क्रमांक फिरवू लागले.