बाळ रडले का?

गाय व्याली आणि वासरू निपचित पडले, तर आपण पंचांग पाहत बसत नाही. नाकातोंडातला चिकटा काढतो, तणसाने अंग खसाखसा चोळतो. घरच्या बाळाच्या वेळी मात्र हीच अक्कल कुठे जाते कोण जाणे! कोणी वार शेकतो, कोणी बाळाला उलटे धरून थापट्या मारतो, कोणी थंड पाणी शिंपडतो. यात वेळ जातो आणि बाळ गारठते.

जन्मल्याबरोबर बाळ कोरड्या, उबदार कापडाने पुसावे, पाठ हलक्या हाताने चोळावी. तरीही ते रडले नाही, श्वास घेतला नाही, तर मिनिटाच्या आत तोंडावर मास्क बसवून हाताच्या पिशवीने हवा द्यावी लागते. हे शिकलेल्या माणसाचेच काम. प्राणवायू न मिळाल्यास मेंदूला इजा होते. वाचलेल्या काही बाळांना पुढे झटके येतात, मान धरायला उशीर लागतो.

शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांतल्या बायांनाच आरोग्यदूत केले. 1995 पासून त्या घरोघरी नवजात बाळे सांभाळू लागल्या. गुदमरलेल्या बाळाला हवा देणेही त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यू, अशी सोय नसलेल्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी घटले. हे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. चार इयत्ता शिकलेली बाई काय करणार, म्हणणाऱ्यांनी हे वाचावे.

आता एक गोष्ट खास गोठेवाल्यांसाठी. पान्हा सोडवण्यासाठी काहीजण जनावराला जे ऑक्सिटोसिन टोचतात, तेच औषध कळा वाढवण्यासाठी घरी बाईला टोचून घेणे फार घातकी. कळांवर कळा आल्या की वारेतून बाळाला जाणारे रक्त तुटते आणि ते पोटातच गुदमरते. ते इंजेक्शन डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवे.

9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली, 10 बाळे गेली. ते दुःख आपण विसरलेलो नाही. पण त्या धास्तीने बाळंतपण घरी उरकले, तर बाळाचे पहिले मिनिट कोणाच्या हाती?

रोवणीच्या दिवसांत तारीख असेल, तर नाल्याला पूर येण्याआधीच सुनेला दवाखान्याजवळच्या नातलगांकडे पोचवा. बाळाची हालचाल मंदावली, पाणी गेले, कळा लांबल्या, तर बांधी अर्धी राहिली तरी चालेल. आशाताईंना हाक मारा, 102 किंवा 108 फिरवा.