कोरे नव्हते

वाटणी हा शब्द आमच्या कानांना नवा नाही. डिचोलीच्या न्यायालयात वीस वर्षे वकिली केल्यावर भावाभावांतील वाटणी, घराची वाटणी, कुळागराची वाटणी, इतकेच काय, देवळातील मानाची वाटणी, असे तिचे नाना प्रकार आम्ही पाहिले. परंतु हार्ड डिस्कच्या पोटातही वाटण्या असतात, आणि त्यांच्या नोंदीत घोळ झाला म्हणजे नांदत्या घरावर सुतकी कळा पसरते, हे मात्र आम्हांस गेल्या आषाढातच कळले.

हकीकत अशी. आमचे मामा पेडण्याचे. पेडणे १७८८ साली पोर्तुगीज अमलाखाली गेले. तत्पूर्वी तो मुलूख सावंतवाडीकरांचा. त्यामुळे तिकडच्या जुन्या घरांतून मोडी कागद अद्यापि निघतात. मामांच्या माळ्यावर अशा कागदांची एक पेटी होती. तीत जमिनीचे करार, देवस्थानच्या जमाखर्चाच्या वह्या आणि जत्रेच्या खर्चाच्या याद्या होत्या. मोडी वाचणारे घरात मामा एकटेच. २०२१ व २०२२ च्या उन्हाळ्यांत आम्ही दर रविवारी अस्नोड्यावरून, कोलवाळचा पूल ओलांडून, त्यांच्याकडे जात असू. ते एकेक पान मोठ्याने वाचीत. आम्ही पानाचे छायाचित्र घेत असू आणि त्यांचा आवाज मुद्रित करीत असू. अशी सुमारे नऊशे पाने व तीस तासांचे वाचन जमले.

त्यांतील एका वहीत नंदादीपाच्या तेलाचा खर्च आहे. तेथे तेल देणाऱ्या एका विधवेचे नाव येते. ते वाचून मामा म्हणाले की, या बाईचे नाव घराण्याच्या दुसऱ्या कोणत्याही कागदात नाही, फक्त येथे आहे. एवढे बोलून ते काही क्षण गप्प राहिले, आणि मग पुढची ओळ वाचू लागले.

दोन वर्षांपूर्वी मामा वारले. त्याच पावसाळ्यात पेटीला वाळवी लागली आणि कागदांचा भुगा झाला. उरले ते एवढेच: आमच्या डिचोलीच्या घरी, दिवाणखान्याच्या कपाटावर, एका हार्ड डिस्कमध्ये साठवलेले.

ही डिस्क आम्ही रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकास जोडली होती. पत्त्याच्या पानाएवढा हा संगणक विद्यार्थ्यांनी स्वस्तात शिकावे म्हणून इंग्लंडात निघाला आणि २०१२ साली प्रथम विक्रीस आला. पेटी नाही, पडदा नाही, एका पाटीवर सारा संसार. त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली चालते, आणि घरातील कोणीही आपल्या मोबाइलवरून डिस्कमधील पाने उघडू शकतो. आम्हांस या सोयीचा मोठा अभिमान होता. मात्र अशिलाला 'प्रत काढून ठेवा' असे दिवसातून दहा वेळा बजावणाऱ्या आम्ही या डिस्कची दुसरी प्रत काढली नव्हती. हा कबुलीजबाब येथेच देऊन टाकतो.

आषाढातल्या एका रात्री वीज चार वेळा गेली आणि आली. सकाळी संगणक उठेना. पडदा जोडून पाहिले, तर तो आणीबाणीच्या स्थितीत अडकून बसला होता. आमच्या चिरंजीवांनी डिस्क काढून आपल्या विंडोजच्या लॅपटॉपला लावली. लगेच सूचना आली की, ही डिस्क वापरण्यापूर्वी ती फॉर्मॅट करावी लागेल.

"बाबा, डिस्क रिती दाखयता. फॉर्मॅट करूं?"

"हात लावूं नाका!" आम्ही इतक्या मोठ्याने ओरडलो की स्वयंपाकघरातून सौभाग्यवती बाहेर आल्या.

आम्हांस संगणकाचे ज्ञान बेताचे; परंतु वादग्रस्त मिळकतीवर पहिला हुकूम 'जैसे थे' असाच घ्यावयाचा, एवढे वकिलीने शिकविले आहे. चिरंजीव अभियांत्रिकीचे विद्यार्थी. त्यांनीही हात आखडता घेतला. मग बापलेक तीन दिवस त्या डिस्कच्या कामी बसलो.

प्रथम कोऱ्या मेमरी कार्डावर नवी प्रणाली उतरवून त्या पायवर ती चालू केली आणि डिस्क जोडली. डिस्क क्षणभर दिसे, टक् टक् असा आवाज करी आणि नाहीशी होई. प्रणालीच्या नोंदवहीत कारण लिहिलेले होते: वीज अपुरी. आमच्याकडचा पाय चौथ्या पिढीचा. त्याला ५ व्होल्टचा, ३ अँपिअरचा ॲडाप्टर लागतो, आणि त्याच्या चारही यूएसबी तोंडांतून मिळून १.२ अँपिअरच वीज बाहेर देता येते. फिरत्या तबकडीची डिस्क सुरू होताना तेवढी एकटीच मागू शकते. आम्ही तर मूळचा ॲडाप्टर दुसरीकडे नेऊन येथे मोबाइलचा चार्जर लावला होता! उपाशी गड्याला नांगराला जुंपावे, तसा हा प्रकार. योग्य ॲडाप्टर आणि स्वतःची वीज घेणारा यूएसबी हब आणला, तशी टकटक थांबली.

मग डिस्कची वाटणी पाहिली. प्रत्येक डिस्कच्या आरंभी एक छोटी नोंद असते, तीस पार्टिशन टेबल म्हणतात. कोणता भाग कोठे सुरू होतो, कोठे संपतो आणि कोणत्या प्रकारचा आहे, एवढेच ती सांगते. ही नोंद म्हणजे जमीन नव्हे. आमच्या भाषेत तो एक-चौदाचा उतारा. उतारा हरवला म्हणून शेत वाहून जात नाही. जीपीटी नावाच्या नव्या पद्धतीत तर या नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी आपोआप ठेवलेली असते. आमच्या डिस्कवरील सीमा जागच्या जागी होत्या. घोळ होता तो प्रकाराच्या रकान्यात. डिस्क विकत घेतली तेव्हा ती विंडोजसाठी आखलेली होती. आम्ही त्याच भागात लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम बसविली, पण रकाना बदलला नाही. उताऱ्यावर नाव एकाचे, कसणारा दुसरा! म्हणून विंडोज त्या भागास आपला समजून आत गेले, तेथील लिपी त्यास लागेना, आणि सारे नव्याने आखून देऊ का, असे त्याने विचारले. दोष त्याचा नव्हता. चुकीचा उतारा आम्हीच त्याच्या हाती दिला होता.

येथे आम्हांस पेटीतले कागद आठवले. मोडी न जाणणाऱ्यापुढे तसला कागद ठेवला तर त्यास ती कोंबडीची पावले वाटतील. परंतु कागद कोरा समजून तो त्यावर दुधाचा हिशेब मांडणार नाही. आम्ही मात्र एका कळीच्या अंतरावर नेमके तेच करणार होतो.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरविली. तीस एक रात्र लागली, आणि ती रात्र आम्ही इन्व्हर्टरकडे पाहत काढली. पुढची तपासणी त्या प्रतीवर. ईएक्सटी४ चे एक वैशिष्ट्य आमच्या वाचकांस आवडेल. फाइलींच्या व्यवस्थेत बदल करण्यापूर्वी तो बदल ती आधी रोजकीर्दीत टिपते आणि मग खतावणीत उतरविते. जुन्या देवस्थानांचे कारकून करीत तसेच. मध्येच वीज गेली तरी अर्धवट राहिलेली नोंद रोजकीर्दीवरून पुरी करता येते. त्या रात्रीची नोंदही तशीच पुरी झाली. नऊशे पाने उघडली.

उरला प्रश्न संगणक उठेना का, याचा. लिनक्स जोडलेल्या डिस्कांस एसडीए, एसडीबी अशी नावे देते. ती ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने. आमच्या यादीत डिस्कची नोंद 'एसडीए' अशी होती. मध्यंतरी एक पेनड्राइव्ह लावून ठेवला होता. वीज जाऊन आली तेव्हा तो आधी सापडला आणि एसडीए होऊन बसला. पंगतीतल्या जागेवरून माणसाची ओळख ठेवावी आणि जागा बदलताच त्यास ओळखू नये, असे झाले. प्रत्येक ईएक्सटी४ फाइल सिस्टिमला तिच्या जन्माबरोबर यूयूआयडी नावाची ३२ अक्षर-अंकांची खूण मिळते. यादीत आता तीच लिहिली. शेजारी 'नोफेल' हा शब्दही घातला, म्हणजे डिस्क न आली तरी संगणक अडून बसणार नाही. प्रकाराचा रकानाही दुरुस्त केला.

चतुर्थीला एक प्रत घेऊन आम्ही पेडण्यास गेलो. ती मामांच्या घरी राहावी असे ठरविले होते. मामींस नंदादीपाचे पान ऐकविले. मामांचा आवाज आला, मागे पंख्याची घरघर, बाहेर कोंबडा. विधवेचे नाव आले, आणि मग ते काही क्षण. मामा गहिवरले असावेत, असे आम्ही इतके दिवस धरून चाललो होतो. आम्ही हळूच म्हणालो, "मामी, येथे काही नाही, पुढे आहे."

मामींनी मान हलविली.

"आसा मरे. थंय ते चश्मो पुसतात."