तिथीची पाऊणपट

सहलीचा बेत आखणे हा प्रत्यक्ष सहलीइतकाच सुखाचा उद्योग आहे. मालवणला जायचे ठरले की आमच्या घरी आधी रेल्वेचे वेळापत्रक बाहेर निघते. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून कुडाळला उतरावे आणि पुढे मालवणची एस. टी. धरावी, हा मार्ग सोपा झाला आहे. मग मुक्काम, मासळी, आणि परतताना आमसुले किती आणावीत याची चर्चा. बहुतेकांच्या यादीत एकच वस्तू नसते : पंचांग!

पंचांग मुहूर्तासाठी नव्हे, समुद्रासाठी. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक साधा हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पुढे सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी.

आता आपली दिवाळीची सुटी पाहा. लक्ष्मीपूजन म्हणजे अमावास्या. सकाळी होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जावे. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला तो जलदुर्ग पाहावा, भर समुद्रातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरींचे नवल करावे. दुपारी जेवण, वामकुक्षी, आणि चार वाजता तारकर्लीला मुलांना पाण्यात सोडावे, असा आपला शहरी क्रम. पण त्या वेळी सव्वाअकराची भरती ओसरत असते आणि उधाणाचे पाणी आत ओढत असते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ती ओढ जुमानत नाही. गावचा गाबीत तेव्हा "पाण्यात उतरू नका" म्हणतो, ते पाहुण्यांचा विरस करण्यासाठी नव्हे.

तोच बेत आठवडाभर पुढे, कार्तिक शुद्ध अष्टमीला न्या. दुपारी बारापासून सहापर्यंत पाणी हळूहळू चढते, आणि तेही भांगाचे. वेळ तीच, चारची. समुद्र मात्र निराळा!

तेव्हा रजेचा अर्ज लिहिण्यापूर्वी तिथी पाहा आणि तिची पाऊणपट करा. मात्र हा हिशेब अंदाजाचा आहे, हे विसरू नका. वारा, वाळू, खाडीचे मुख यांचे गणित पंचांगात नसते. ते किनाऱ्यावरच्या माणसाला ठाऊक असते. पाण्यात पाऊल टाकण्याआधी त्याला विचारा, आणि तो "नको" म्हणाला, तर मुलांना वाळूत किल्ला बांधू द्या.