माडाच्या मुळात तारले

आमच्या लहानपणी देवबाग-तारकर्लीच्या पट्टीत दूध थोडं होतं आणि रस भरपूर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी, मध्ये रेतीची चिंचोळी जमीन आणि तिच्यावर माडच माड. अशा जमिनीत चारा उगवून उगवणार किती? घरात गाय असे, पण लहान चणीची. आज ‘कोकण कपिला’ या नावाने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे. तेव्हा वासरू पिऊन उरेल ते तांब्याभर दूध आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि देवाला. बाकी सगळं नारळावर. आई आडाळ्यावर बसून खोबरं खवायची, पाट्यावर वाटायची, कोमट पाणी शिंपडून फडक्यातून पिळायची. पहिला रस दाट, तो शेवटी घालायचा. दुसरा पातळ, त्यात शिजवायचं. ही शिकवण मला अक्षरओळखीच्या आधी मिळाली.

आडाळो घरात एकच. त्याच्या पात्यावर बांगडा कापला जाई आणि पुढच्या दातेरी टोकावर नारळ खवला जाई. सोमवारी, एकादशीला, श्रावणात आई तो राखेने घासून उन्हात ठेवी आणि म्हणे, “आज शिवराक, म्हावरा नाय.” आम्हा मुलांना त्याचं दुःख वाटल्याचं मला आठवत नाही. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी, टाकळ्याची भाजी, ओल्या काजूगरांची उसळ, गूळ घातलेल्या रसात बुडवलेले शिरवाळे, नागपंचमीला हळदीच्या पानातले पातोळे, आणि वर सोलकढी. या पानात मासा नसे, अंडं नसे, आणि दूधही नसे. पुढे पन्नाशी उलटल्यावर मी जो आहार मुद्दाम, विचारपूर्वक करून पाहिला, तो आईने वर्षातले कितीतरी दिवस आम्हाला वाढला होता.

आम्ही मांसाहारी होतो यात मात्र शंका नको. पहाटे किनाऱ्यावर रापण लागली की गाव लोटायचा. होडीने जाळं समुद्रात फिरवून टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. हात लावणाऱ्याला वाटा मिळे, पोरांनाही. कोंबड्या अंगणात हिंडत, रात्री डाल्याखाली झाकल्या जात. कोंबडी कापली जाई ती पाहुणा आला, जत्रा आली किंवा गावाच्या राखणदाराचं, देवचाराचं, राखणं द्यायचं असलं तर. ती कुठली, कधी उबवलेली, तिची आई कोण, हे आम्हाला ठाऊक असे. बाबा ती परड्यात नेत तेव्हा आम्हाला कुणी लांब पाठवत नसे. ते मला आवडत नव्हतं आणि तरी मी वडे-सागुती आवडीने खाल्ली. या दोन्ही गोष्टी मी आजही तशाच, शेजारी शेजारी ठेवते.

लग्नानंतर गोरेगावला आले आणि सगळा हिशेब उलटा झाला. तिथे नारळ महाग आणि दूध दाराशी. आरेच्या केंद्रावर पहाटे काचेच्या बाटल्या घेऊन रांगेत उभं राहायचं. मुंबईतले गोठे शहराबाहेर काढून दारा खुरोडी यांनी १९४९ साली गोरेगावच्या टेकड्यांवर आरेची वसाहत उभी केली. १९६३ साली त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्वच्छ दूध गरिबाच्या पोरापर्यंत पोहोचावं हा त्यामागचा ध्यास खरा होता आणि माझी मुलं त्या दुधावर वाढली. माझ्या हातून नकळत रस सुटत गेला. शेवयांच्या खिरीत दूध आलं, सोलकढीची जागा ताकाने घेतली. आईने दिलेला आडाळो ओट्याखाली कोपऱ्यात गेला. एक नारळ खवण्याचा वेळ आणि त्याची किंमत दोन्ही मला परवडत नव्हती.

त्या काळात जोगेश्वरीच्या बाजूच्या एका तबेल्यात मी शेणासाठी जात असे. बांधलेल्या म्हशी ओळीने शंभरावर असतील. एकदा मी तिथल्या माणसाला सहज विचारलं, एवढ्या म्हशी दूध देतात तर रेडकं कुठे आहेत? तो हसला नाही की रागावला नाही. म्हणाला, “ताई, रेडकू दूध पितं.” तेवढंच. म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि व्याली की निम्म्या वेळा नर होतो, हे मला कळत होतं. पुढचा प्रश्न मी विचारला नाही.

तो प्रश्न मला पुष्कळ वर्षांनी आकड्यांत भेटला. २०१९ च्या पशुगणनेत देशात जवळजवळ ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या. त्यात माद्या १० कोटींहून जास्त आणि नर एक कोटीपेक्षा कमी. त्याआधीच्या, २०१२ च्या गणनेत नर १ कोटी ६० लाखांच्या घरात होते. जन्माला दोन्ही सारखेच येतात. रेडा आता नांगराला फारसा लागत नाही, कृत्रिम रेतनाने म्हशी गाभण राहतात, त्यामुळे वळूही मोजकेच पुरतात. उरलेली रेडकं भुकेने मरतात किंवा कत्तलखान्यात जातात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू कापायला बंदी आहे, म्हशी-रेड्यांना ती लागू नाही. जगात म्हशीचं मांस निर्यात करणाऱ्या देशांत भारत अगदी पुढे आहे. दुधाचा ग्लास आणि ती निर्यात एकाच गोठ्यातून निघतात. मी सोमवार पाळत होते, मासा तोंडात घालत नव्हते, आणि त्या दिवशी चहा मात्र चार वेळा पीत होते.

गांधीजींना हे शंभर वर्षांपूर्वी टोचलं होतं. दूध जास्त निघावं म्हणून गाई-म्हशींवर होणारी ‘फुका’ची क्रूर रीत कळल्यावर दुधाविषयी त्यांच्या मनात घृणा बसली. दक्षिण आफ्रिकेत, १९१२ साली, त्यांनी दूध सोडलं. पुढे आजारपणात, १९१९ च्या सुमारास मुंबईत शस्त्रक्रिया झाली तेव्हा, कस्तुरबांनी सुचवलं की व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती, शेळी नव्हती. ते शेळीच्या दुधाला तयार झाले आणि त्याची बोच त्यांनी आत्मकथेत उघड लिहिली. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात फुक्याला बंदी आहे, तसंच दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक अशी सुई टोचायलाही. तरी पान्हा सुटण्यासाठी ऑक्सिटोसिन टोचणं थांबलेलं नाही.

आम्ही मुंबई सोडून तारकर्लीला परतलो तेव्हा गाव पर्यटकांचं झालं होतं. आम्हीही तीन खोल्या बांधल्या, निवास-न्याहारी सुरू केली. पाहुण्यांना हवी कोंबडी-वडे, रोज आणि भरपूर. अंगणातल्या कोंबड्या त्याला कुठून पुरणार? गावठी कोंबडी वाढायला पाच-सहा महिने घेते आणि वर्षाला साठ-सत्तर अंडी घालते. मग घाटावरून गाडी येऊ लागली. जाळीच्या खुराड्यांत एकमेकींवर रचलेल्या पांढऱ्या कोंबड्या, उन्हात तोंडं उघडी टाकलेल्या.

पशुवैद्यकीला शिकणारी माझी भाची त्या आषाढात सुट्टीवर आली होती. गाडी दारात उभी असताना ती पुढे होऊन एक कोंबडी हातात घेऊन तपासू लागली. मला म्हणाली, “आत्या, ही कोंबडी नाही, पिल्लू आहे.” पाच-सहा आठवड्यांत दोन किलो वजन व्हावं अशी तिची पैदास केलेली असते. छाती एवढ्या वेगाने वाढते की पाय आणि काळीज मागे पडतात. अंड्यांच्या कोंबड्यांची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते जास्त वाईट. त्या जातीचा नर ना अंडी देतो, ना अंगाने भरतो, म्हणून उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी मारला जातो. मादीची चोच छाटतात आणि तिचं आयुष्य पिंजऱ्यात जातं. पिंजऱ्यात तिच्या वाट्याला येणारी जागा वहीच्या मोठ्या पानाएवढीही नसते, पंख पसरणं दूरच. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये याच विषयावर २६९ वा अहवाल दिला आणि पिंजरे बंद करण्याकडे कौल दिला. २०१९ च्या गणनेत देशातल्या ८५ कोटी कोंबड्या-बदकांपैकी परसातली ३२ कोटींच्या आसपास होती. बाकीच्यांना कुणी डाल्याखाली झाकत नाही.

चातुर्मास लागतच होता. भाचीने सुचवलं की तो पूर्ण पाळू या: मासे नाहीत, कोंबडी नाही, अंडं नाही, आणि दूध-तूप-मधही नाही. घरात तो पाळणार फक्त मी आणि ती. माझ्या नवऱ्याने कोरी चाय तेवढी मान्य केली.

पहिले दोन महिने काही जाणवलंच नाही. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, पावसात समुद्र कुणाला जवळ करत नाही, मग श्रावण. आईचं सगळं शिवराक मी एकेक करून परत रांधलं. फणसाची कुयरी, अळू, तवसाचे घावन, खापरोळ्या. आडाळो पुन्हा रोज हातात आला. चहात रस घालून पाहिला, वर तेलाचा तवंग येतो, तो नाद सोडला आणि पातीचा कोरा चहा लागला तो आजतागायत. बी-१२ हे जीवनसत्त्व या आहारातून मिळत नाही, त्याची गोळी भाचीने पहिल्या दिवसापासून सुरू करायला लावली. आधी गोळी, मग तत्त्व, असं ती म्हणे, आणि या बाबतीत तिने माझं एक ऐकलं नाही.

अडचण आली ती गणपतीला. पंचामृतात दूध, दही, तूप आणि मध. मी भटजींना विचारलं. ते म्हणाले, घरात जे शुद्ध मानता ते देवाला द्या. मी शेजारच्या गोठ्यातलं, वासरू समोर पिताना पाहिलेलं दूध वाटीभर आणलं. तीर्थ घेतलं. भाचीने घेतलं नाही, आणि मला दोन्ही बरोबर वाटलं. आमच्या घरात अशा बदलाची वहिवाट आहेच. देवचाराला कोंबडा द्यायचा तो सासऱ्यांच्या वेळी नारळावर आला. तेव्हाही गावातल्या जाणत्यांनी गाऱ्हाणं घालून ते मान्य करून घेतलं होतं. कोकणात कितीतरी ठिकाणी बळीच्या जागी कोहळा कापतात. सवय मोडून देव टिकवायची ही रीत आमच्या पूर्वजांना साधली होती.

खरी कसोटी भाद्रपद सरल्यावर. नवे बांगडे यायला लागले, तिरफळाचा वास शेजारून येऊ लागला. मला मासा आवडतो, तो वास माझ्या बालपणाचा आहे, आणि त्या आठवड्यांत मी अक्षरशः दार लावून जेवले.

त्याच सुमारास देवबागचा माझा थोरला भाऊ आला. त्याने जन्मभर रापणीचा दोर ओढला आहे, पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी मासे धरणाऱ्यांविरुद्धच्या मोर्चांत चालला आहे. आमचं पान पाहून तो शांतपणे म्हणाला, “माडाक काय घालतस गे? तारलेच मां? मगे तुझ्या रसात मासो इलो.”

खरंच होतं ते. रेतीच्या जमिनीत माड असाच जगवतात. तारले खूप लागले आणि विकले गेले नाहीत की माडाच्या मुळात आळं करून पुरायचे, वर पाला आणि मीठ. आमच्या आईच्या दाट रसात तारल्यांचा वाटा होता. भाऊ एवढ्यावर थांबला नाही. आता तारले माडालाही मिळत नाहीत, म्हणाला. मोठ्या जाळ्यांत सापडलेली लहान मासळी थेट कारखान्यात जाते, वाळवून तिची भुकटी होते आणि ती कोंबड्यांच्या व कोळंबीच्या खाद्यात पडते. म्हणजे आमच्या समुद्रातला मासा भुकटी होऊन घाट चढतो आणि त्या पांढऱ्या कोंबडीच्या रूपाने पुन्हा आमच्या दारात उतरतो. रापणकाराच्या वाट्याला जे राहत नाही, ते त्या गाडीतून परत येतं. हे ऐकल्यावर ती गाडी मी कायमची बंद केली. पाहुण्यांना आता मी रापणीचा मासा लागला तर मासा देते, नाहीतर शिवराक ताट. कोंबडी आणि अंडं माझ्या चुलीवर चढत नाही. काही पाहुणे पुढच्या घरी गेले, जाऊ देत.

मी स्वतः दुधाकडे परतले नाही. माशाबद्दल भावाचं आणि माझं अजून ठरलेलं नाही. तो म्हणतो, हाताने ओढलेल्या माशाला समुद्र पुरून उरतो. भाची म्हणते, गुदमरणाऱ्या माशाला दोर कुणाचा हे कळत नाही. मला तिचं म्हणणं खोडता येत नाही, आणि भावाचं पोट त्या दोरावर आहे हेही मी विसरू शकत नाही.

माडाचं मात्र आम्ही तिघांनी मिळून ठरवलं. विहिरीजवळच्या चार माडांपैकी दोघांना भाऊ त्याच्या पद्धतीने, मिळतील तेवढे तारले घालतो. दोघांना मी गिरिपुष्पाचा पाला, सोडणं आणि राख घालते. खताचा गुण माडाच्या फळावर दिसायला दोन-तीन वर्षं लागतात, कारण पोय बाहेर पडण्याच्या कितीतरी आधी ती आत धरलेली असते. प्रत्येक पाडपाला नारळ मोजून भाची वहीत लिहिते. पाल्यावरच्या माडांची आत्तापर्यंतची मोजणी थोडी कमी भरते आहे, आणि भाऊ दर वेळी ती वही मागून घेऊन बघतो.