आखाजीची सुट्टी कोणाला?

धुळे

चि. सोनू,


जळगावच्या सराफ बाजारातली एवढी मोठी पेढी तुझ्या हाताखाली आली, फार बरं वाटलं. ‘आत्या, इतक्या तऱ्हेची माणसं सांभाळायची कशी?’ असं तू विचारलंस. एस.टी.त आयुष्यभर मी ड्युट्याच लावल्या, तेव्हा मला सुचणार ते तसलंच. आधी सुट्ट्यांची यादी घे आणि तिच्यात कोणाचा सण आहे, कोणाचा नाही, ते बघ.

आपल्याकडे खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. झाडाला झोका, घरात गौराई, सांजोऱ्या, आमरस. नव्या नवरीला न्यायला माहेराहून माणूस येतो. पण सोनं घ्यायचा मुहूर्तही तोच, म्हणून पारोळा-एरंडोलच्या तुझ्या पोरी त्या दिवशी रात्रीपर्यंत काउंटरमागे उभ्या. बंगाली कारागिरांची दुर्गापूजा ऐन दसऱ्याच्या गर्दीत येते. गेटवरच्या पावरा आदिवासी वॉचमनला होळीआधी भोंगऱ्या बाजाराला सातपुड्यात जायचं असतं. ह्यांपैकी काय आहे तुझ्या यादीत?

महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा काढून वाच. तो लागू असेल तिथे सणांच्या आठ भरपगारी सुट्ट्या द्याव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या चार मालकाने कामगारांशी बोलून वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या. ‘कामगारांशी बोलून’ हे बहुतेक ठिकाणी होतच नाही. मालकाच्या घरचे सण तेवढे यादीत लागतात. आणि कारागीर तर अनेकदा मस्टरवरच नसतात, कामाप्रमाणे मजुरी. त्यांच्यापर्यंत कायदा पोचत नसेल, तर तू पोच.

दुकान बंद ठेव असं मी म्हणत नाही. आमच्या डेपोत ईदला हिंदू गडी ड्युटी उचलायचे आणि लक्ष्मीपूजनाला मुसलमान ड्रायव्हर गाडी काढायचे. हे आपोआप झालं नाही. आधी विचारावं लागलं, लिहून लावावं लागलं, शब्द पाळावा लागला.

दुसरं, बोलीचं. खेड्यातली बाई जुन्या दागिन्यांची मोड घेऊन आली आणि काउंटरवरच्या पोरीने घट-घडणावळीचा हिशेब तिला अहिराणीत समजावला, तर तिचा विश्वास बसतो. त्याच पोरीला ‘शुद्ध बोल’ म्हणून गिऱ्हाइकासमोर कोणी दटावत असेल, तर ते आजच बंद कर.

आणि नुसत्या भरतीवर समाधान मानू नकोस. 1825 साली औट्रम ह्या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्लांची पलटण उभी केली, तिचं ठाणं आपल्या धरणगावला होतं. त्यांच्यात मिसळून त्याने त्यांचा विश्वास मिळवला, हे खरं. पण हुकूम साहेबाचाच राहिला आणि बंदोबस्त भिल्लांनी भिल्लांचाच करायचा होता. तुझ्याकडेही आदिवासी पोरं आहेत, पण सगळी गेटवर आणि गोदामात. हिशेबाला, काउंटरला एकही नाही. हे मला पटत नाही.

ह्या डिसेंबरात सगळ्यांना एकत्र बसव, कारागिरांनाही. चार सुट्ट्या त्यांच्यासमोर ठरव. आखाजीला दोन पाळ्या लाव, आणि जिचं लग्न ह्या वर्षी झालंय, तिला त्या दिवशी पूर्ण सुट्टी दे.

तुझी आत्या